सासूबाई आणि मागची बस

माझ्या सासूबाई दातांच्या कवळ्या करतात. लग्न ठरायच्या आधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे इतकं टक लावून पाहिलं की मला वाटलं, संपलं, जावई म्हणून आपण नापास. बाहेर पडल्यावर ही म्हणाली, "अरे, तसं काही नाही. ती सगळ्यांचे आधी दातच बघते. वरचा डावा सुळा जरा पुढे आलाय, बाकी मुलगा बरा आहे, असं म्हणाली."

बाजारामागच्या गल्लीत, तळमजल्यावर त्यांचं कामाचं ठिकाण. आत तीन टेबलं, एक कायम घरघरणारं पॉलिशचं मशीन, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगा. नवख्या माणसाला वाटावं, एवढी माणसं आपल्याकडे बघून एकदम का हसताहेत! सासूबाई खिडकीजवळच्या टेबलाशी बसतात. स्पिरिटच्या दिव्यावर छोटी सुरी तापवायची, गुलाबी मेण मऊ करायचं, त्यात एकेक दात बसवायचा, लांब धरून बघायचा, मग पुन्हा हलवायचा. सगळे दात सरळ रेषेत बसवले तर ते खोटे दिसतात, म्हणून एखादा जाणूनबुजून किंचित तिरका बसवतात. "माणसाला आपलं तोंड परत मिळाल्यासारखं वाटलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं.

काम सगळं बैठं. अर्धं आयुष्य स्टुलावर गेल्यावर गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, "रोज चाला, नाहीतर गुडघे बोलायला लागतील."

"ते आत्ताच बोलतात," सासूबाई म्हणाल्या.

"मग भांडायला लागतील."

म्हणून त्या सकाळी तळ्याभोवती चालायला जाऊ लागल्या. आवड म्हणून नाही, औषध म्हणून. तोंड वाकडं करून जायच्या आणि तसंच घेऊन यायच्या. एके दिवशी एक चांगला गरगरीत गृहस्थ, कानाला फोन लावून, कुणाला तरी झापत झापत त्यांच्या पुढे निघून गेला. हे काही त्यांना सोसेना. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्या पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत पळाल्या आणि त्याला मागे टाकलं. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नाही. खांबाला धरून धापा टाकत असताना आपल्याला हसू येतंय हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी दोन खांब. मग तीन. घरात कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही.

भांडं फुटलं ते बुटांमुळे. माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आता हात थरथरतो म्हणून काम सोडलंय, पण नजर तीच आहे. त्यांनी एकदा बायकोचे बूट उलटे करून बघितले आणि विचारलं, "अगं, चालून चालून तळ पुढूनच कसा झिजला?"

"मी पळते," सासूबाईंनी सांगून टाकलं.

बाबांनी थोडा विचार केला. "कशापासून?"

त्या वर्षी शहरातली मोठी शर्यत होती, एकवीस किलोमीटरची. स्टेडियमपासून सुरुवात, बाजारपेठ, पूल, तळं, मग तो लांबलचक चढ आणि परत स्टेडियम. सासूबाईंनी आम्हाला न विचारता नाव घातलं. ही घाबरली. मी वरवर धीर दिला आणि आतून घाबरलो. बाबांनी मात्र जुने ब्रश बाहेर काढले, पांढऱ्या चादरीचा तुकडा घेतला आणि दोन दिवस खपून लालचुटुक अक्षरांत फलक रंगवला: "आली एकदाची!"

शर्यतीचा एक नियम होता. शेवटच्या धावपटूंच्या मागून ठरलेल्या वेगानं एक बस येणार. ती ज्यांना गाठेल त्यांनी मुकाट्यानं आत बसायचं, कारण मागचा रस्ता गाड्यांसाठी मोकळा करायचा असतो. हे आम्हाला माहीत होतं, पण बस ही इतरांसाठी असते असं आपलं आमचं गृहीत.

सकाळी स्टेडियमबाहेर बँड वाजत होता. ढोलावर टिपरी पडली आणि सासूबाईंच्या अंगात वारं शिरलं. आजूबाजूला तरणीताठी मुलं-मुली. त्या सुटल्या त्यांच्या बरोबरीनं. बाजारपेठेत लोक टाळ्या वाजवत होते. पुलावर त्यांना वाटलं, हे तर काहीच नाही. तळ्याच्या वळणावर पाणी द्यायला उभ्या असलेल्या मुली "काकू, भारी!" म्हणाल्या. आणि चढ लागला तशी डाव्या पोटरीत अशी कळ गेली की त्या फूटपाथवर मटकन बसल्या. पेटका. कुणीतरी औषध फवारलं, कुणीतरी पाय चोळला. त्या उठल्या, लंगडत चालल्या, पुन्हा बसल्या. आणि मागून बस आली.

"त्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला असता ना, तर मी भांडले असते," त्या पुढे सांगायच्या. "त्यानं नुसतं दार उघडलं आणि थांबला. काही बोलला नाही. आता अशा माणसाशी भांडणार तरी कसं?"

बसमध्ये सात-आठ जण होते. कुणी पाय धरून, कुणी डोळे मिटून. एक मुलगी मुसमुसत होती. खिडकीशी मात्र एक सडपातळ म्हातारे गृहस्थ मजेत संत्रं सोलत बसले होते. ते आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेले सर. हे अर्थात सासूबाईंना नंतर कळलं.

"पहिलीच वेळ वाटतं?" सरांनी विचारलं.

"हो."

"मी दरवर्षी असतो इथे. ड्रायव्हर ओळखतो मला." आणि ते हसले.

सासूबाईंचा पारा चढला. "यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही," सर म्हणाले. "पण रडून बस काही मागे जात नाही." आणि संत्र्याची फोड पुढे केली. सासूबाईंनी घेतली नाही. तोंड फिरवून बाहेर बघत राहिल्या.

इकडे आम्ही शेवटच्या रेषेपाशी. ही आणि बाबा फलकाची दोन टोकं धरून, मी मोबाइल रोखून. एकेक जण येत होता, लोक ओरडत होते, आम्ही रस्त्याच्या वळणाकडे डोळे लावून. बराच वेळ कुणीच आलं नाही. मी हात अवघडला तरी मोबाइल खाली घेतला नाही, नेमक्या क्षणी चुकायला नको म्हणून. तेवढ्यात मागून माझ्या खांद्यावर बोट टोचलं.

"जावईबापू, काय शूट करताय?"

वळून बघतो तर सासूबाई. त्यांच्यामागे बस. आणि हिच्या आणि बाबांच्या हातात ताणून धरलेलं "आली एकदाची!"

बाबा फलक गुंडाळायला लागले, पण घाईत तो उलटसुलट गुंडाळला जाऊ लागला. "चला," सासूबाई म्हणाल्या, "भूक लागलीय." घरी येईपर्यंत गाडीत फक्त मागच्या काचेचा खडखडाट ऐकू येत होता. बूट त्यांनी पलंगाखाली ढकलले, अगदी पार भिंतीला टेकेपर्यंत.

खरी फजिती दुसऱ्या दिवशी झाली. त्या कामाला निघाल्या तर जिन्यात तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी हात धरला. "अभिनंदन हो! पूर्ण केलीत म्हणे!" पहिल्या मजल्यावरच्या पोस्टातल्या काकांनी दारातूनच सलाम ठोकला. सासूबाई गांगरल्या आणि "थँक्यू" म्हणून गेल्या. कामावर गेल्या तर तिथेही बातमी पोचलेली, मालकांनी पेस्ट्रीचा खोका आणून ठेवलेला. पॉलिशवाल्यानं मशीन बंद करून टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी पेस्ट्री खाल्ली. "घशाखाली उतरेना," त्या म्हणाल्या, "मेणाचा गोळा गिळल्यासारखं वाटलं."

संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो होतो, त्यामुळे पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. त्या आल्या, पर्स टेबलावर आपटली आणि बाबांसमोर उभ्या राहिल्या.

"अहो, तुम्ही लोकांना काय सांगितलंत?"

बाबा पेपराच्या आडून म्हणाले, "मी कुठे काय सांगितलं? काल दूध आणायला गेलो तर काकूंनी विचारलं, शर्यत झाली का? म्हटलं, झाली. झालीच की! पुढे ढकलली थोडीच?"

"आणि पूर्ण केली का, असं विचारलं तेव्हा?"

"तेव्हा मी मान हलवली."

"कशी हलवली?"

बाबांनी पेपर खाली ठेवला आणि मान हलवून दाखवली. ती धड उभी नव्हती की धड आडवी. हिला हसू आवरेना, म्हणून ती स्वयंपाकघरात पळाली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "लाज वाटली तुम्हाला माझी?"

"छे गं." बाबा उठून उभे राहिले. "लाज कसली? तुला कुणी अरेरे म्हणू नये, असं वाटलं."

सासूबाई दाराकडे वळल्या. मग पायात चपला सरकवल्या. "म्हणू देत अरेरे. फुकटची पेस्ट्री खाण्यापेक्षा ते परवडलं. चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"खाली."

पुढे त्या, मागे पडेल चेहऱ्याचे बाबा, त्यांच्यामागे तमाशा बघायला आम्ही दोघं. शिवणकामवाल्या काकू ब्लाउजच्या बाहीला टाचण्या लावत होत्या. चार टाचण्या ओठांत धरलेल्या. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "काकू, मी शर्यत पूर्ण केली नाही. चढावर पाय गेला. बसनं आले."

काकूंनी एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या. मग उठून दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मी गाडी चालवायला शिकले होते, आठवतंय? परीक्षेला गेले, परीक्षक शेजारी बसला आणि माझ्याच्यानं गाडी सुरूच होईना. शेवटी तो बिचारा उतरून गेला. घरी सांगितलं, परीक्षकच आला नव्हता. आमच्या ह्यांना अजून तेच माहीत आहे!" आणि त्या इतक्या हसल्या की टाचण्यांची डबी सांडली. आम्ही सगळे गुडघ्यावर बसून टाचण्या वेचत होतो, तेव्हा सासूबाई त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

पोस्टातल्या काकांनी ऐकून घेतलं आणि कपाटावरून एक काळी पेटी काढून दाखवली. आत व्हायोलिन. "सहा महिने शिकलो. मग समोरच्या इमारतीतल्यांनी हात जोडले." मालकांना दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर ते म्हणाले, "अहो बाई, पेस्ट्री कालच शिळी व्हायला आली होती. तुम्ही पळाला नसतात तर मलाच खावी लागली असती."

एवढं झाल्यावर बूट भिंतीला टेकून राहण्यात काही अर्थ नव्हता. आठवड्याभरात सासूबाई पुन्हा तळ्यावर गेल्या. पोटरी अजून दुखत होती. दोन फेऱ्या मारून बाकावर टेकल्या, तर समोरून बसमधले ते सर आले. पळत होते म्हणायचं म्हणून पळत होते. शेजारून एक आजोबा काठी टेकत त्यांच्या बरोबरीनं चालले होते.

"काय ताई," सर न थांबता म्हणाले, "बस चुकली का?"

सासूबाईंना एकदम हसू फुटलं. सर पुढची फेरी मारून आले आणि बाकावर बसले.

"त्या दिवशी मी तुम्हाला अगदी सुरुवातीलाच पाहिलं होतं," ते म्हणाले. "वाऱ्यासारख्या गेलात. मनात म्हटलं, या बाई आपल्याला बसमध्ये भेटणार."

"मग सांगायचंत ना तेव्हाच!"

"ऐकलं असतंत?"

सासूबाईंनी प्रामाणिकपणे मान हलवली, आणि ती स्पष्ट आडवी होती. मग विचारलं, "तुम्ही दरवर्षी बसमध्ये बसता, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"पहिल्या वर्षी वाटलं. नंतर कळलं, मला रेषेपर्यंत पोचण्याची एवढी ओढच नाही. पुलाच्या मधोमध, गाड्या नसताना, आरामात पळायला मिळतं वर्षातून एकदा. तेवढ्यात माझं पोट भरतं."

सासूबाईंनी ते मनात घोळवून पाहिलं. "माझं नाही भरत," त्या म्हणाल्या. "मला पूर्ण करायचीय."

"मग करा की. मी सांगतो तसं करा, फक्त मी करतो तसं करू नका."

सरांचा सल्ला एकच होता: बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं. तोंड बंद झालं की वेग कमी करायचा. सासूबाईंना हे औषध मानवलं. त्या पळता पळता बोलायच्या. कुणाची कवळी शिंकताना कशी उडाली, कोण आपल्या तरुणपणचा फोटो घेऊन येतं आणि तसेच दात मागतं. सर उत्तरादाखल डोंगर, नद्या आणि वर्गातली वाह्यात मुलं. बाबा जुन्या सायकलवरून पाण्याची बाटली घेऊन मागे. एका रविवारी मीही गेलो. तिसऱ्या फेरीला माझं तोंड बंद पडलं. सासूबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बोला, जावईबापू, काहीतरी बोला." मी हातानंच खूण केली, तुम्ही व्हा पुढे.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. मधे एकदा अंगठ्याचं नख काळं पडलं, एकदा खोकल्यानं महिनाभर घरी बसवलं. त्या महिन्यात त्या चिडचिड्या झाल्या होत्या. "म्हातारपणी नसते धंदे," असं स्वतःलाच म्हणायच्या. पण खोकला थांबला त्या दिवशी बाबांनी सायकलच्या चाकात हवा भरली, आणि दुसऱ्या दिवशी दोघं तळ्यावर.

पुन्हा शर्यत आली. या खेपेला सासूबाईंनी आम्हाला बजावलं: फलक नाही, मोबाइल नाही. "कुणी हातात काही धरायचं नाही. उभे राहा गप." स्वतः कामावरून कापसाचे बोळे आणले आणि बँड सुरू व्हायच्या आत कानात कोंबले. "त्या ढोलानंच घात केला होता माझा." सगळे सुटले, आणि त्या सरांच्या बरोबर अगदी शेवटी, बाजाराला निघाल्यासारख्या निघाल्या.

पुढचं त्यांच्या तोंडून ऐकलेलं. बाजारपेठेत टाळ्या वाजत होत्या, त्यांना ऐकू आल्या नाहीत. पुलावर सर म्हणाले, "बघा, नदी बघा," म्हणून त्यांनी नदी बघितली. चढाच्या पायथ्याशी मागून बसची घरघर कापसातूनही जाणवायला लागली. सर म्हणाले, "ताई, तुम्ही व्हा पुढे."

"आणि तुम्ही?"

"माझ्या बुटात खडा गेलाय."

त्या पुढे गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. नंतर ड्रायव्हरनं आम्हाला सांगितलं, सर बसच्या पायरीवर बसले, बूट काढला, झटकला, मोजा काढला, तोही झटकला, मग दुसरा बूट. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिला. "खडा होता का?" मी विचारलं. तो म्हणाला, "मला तर दिसला नाही." सासूबाईंना हे अजून मान्य नाही. "मी तशीही पोचलेच असते," असं त्या म्हणतात. सरही म्हणतात, "अर्थात!"

स्टेडियमपाशी तोवर खुर्च्या एकावर एक रचायला घेतल्या होत्या. बँडवाले ढोलांना खोळी चढवत होते. आम्ही सांगितल्याप्रमाणे हात मोकळे सोडून उभे. वळणावर आधी काही दिसलं नाही, मग एक बुटकी आकृती दिसली, एका बाजूला जरा कललेली, पण पाय उचलणारी. ही म्हणाली, "आई." तेवढंच. बाबा चपला घातलेल्या पायांनी सरळ रस्त्यावर उतरले आणि त्यांच्या शेजारून पळायला लागले. सासूबाईंनी हातानं त्यांना दूर व्हा, दूर व्हा केलं, पण ते ऐकतात कुठे! दोघांनी रेषा जवळजवळ बरोबरच ओलांडली. खुर्च्या रचणाऱ्यांनी हातातलं काम टाकून टाळ्या वाजवल्या. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, कानातले बोळे काढले, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "अहो, चपला घालून कुणी पळतं का? पाय मुरगळला असता म्हणजे?"

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हो," ते म्हणाले. "चुकलंच."

मग बस आली आणि सर उतरले. सासूबाई त्यांच्या पाया पडायला वाकल्या, पण वाकताच येईना, अर्ध्यातच अडकल्या. सरांनी त्यांना सरळ केलं.

घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यापर्यंत त्या कशाबशा चढल्या आणि वळणावरच्या पायरीवर बसल्या. "आता मी इथेच राहणार," त्यांनी जाहीर केलं. काकूंनी उशी आणली. पोस्टातल्या काकांनी पंखा लांब वायरीनं बाहेर ओढला. मग बाबा आणि ही वरून जेवणच खाली घेऊन आले. गरम भात, उकडलेली अंडी, काकडी. पायऱ्यापायऱ्यांवर बसून सगळ्यांनी जेवून घेतलं. येणारेजाणारे पाय उचलून आमच्यामधून वाट काढत होते, आणि विचारत होते ते सगळं सासूबाई स्वतः सांगत होत्या, पहिल्यापासून. मागच्या वर्षीची बसही त्यात यायची.

बोलता बोलता भिंतीला डोकं टेकून त्यांना झोप लागली. तोंड किंचित उघडं. काकांनी पंख्याचा वेग एकानं कमी केला. बऱ्याच वेळानं त्या जाग्या झाल्या, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सगळे अजून इथेच? चला वर, कपडे वाळत घालायचेत." आणि कठड्याला धरून, एकेक पायरी पुटपुटत, चढायला लागल्या.